मंत्र्याच्या अंगावरचा कोट

मंगळवार होता. श्रावण लागून चार दिवस झाले होते. हे साडेदहाला ऑफिसला गेले. मी शाळेत गेले. दुपारी दोन वाजता शिपायानं शाळेच्या ग्रंथालयाच्या दारात येऊन सांगितलं की मला घरी बोलावलं आहे. मी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी गेले. ओट्यावर माणसं उभी होती. त्यांत हे नव्हते.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या पिढीत पद्धत नव्हती. 'हे' म्हटलं की भागायचं. यांनी मात्र उरलेल्या सगळ्या जगाची नावं घेतली, आणि मोठ्यानं घेतली. हे सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर सरकारचे कागद नीट लावायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून सरकार पाडायचं, अशी यांच्या कामाची वाटणी होती. या दोन्ही कामांत यांनी कधी कुचराई केली नाही. ऑफिसच्या कामाचा पगार मिळे. ओट्यावरचं काम देशासाठी होतं.

आमचं घर इतवारीच्या मागच्या गल्लीत. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे फरशीचा ओटा, ओट्याखालून नाली, आणि नालीपलीकडे कोपऱ्यावर पानठेला. यांचा श्रोतृवर्ग या ठेल्यावर जमे. ज्याला पान लावून मिळेपर्यंत काही काम नसे, त्याला हे राजकारण समजावून सांगत. पानवाला चुना लावता लावता मान डोलवी. तो यांना बाबूजी म्हणे आणि यांचं सगळं पटवून घेई. गिऱ्हाईक थांबलं तर त्याचा फायदाच होता, हे आमच्या बाबूजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

नागपूर राजधानी होतं तेव्हा हे नुकते नोकरीला लागले होते. मग राजधानी मुंबईला गेली. हे 'गेली' कधीच म्हणत नसत. 'नेली' म्हणत, जशी दोरीवरची चादर कोणी नेली असावी. यांच्याबरोबरचे काही जण फायलींच्या मागोमाग मुंबईला गेले आणि तिकडे बढत्या घेऊन बसले. यांनाही विचारलं होतं. हे म्हणाले, "सगळेच गेले तर इथं लक्ष कोण ठेवणार?" त्यानंतर यांनी वीस वर्षं लक्ष ठेवलं. नेमकं कशावर, ते मी विचारलं नाही. आणीबाणीत मात्र यांनी बराच संयम पाळला. त्या काळात हे इतक्या हळू आवाजात बोलत, की फक्त दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना ऐकू जाई.

मी यांना उत्तरं देत नसे. एका घरात एक बोलणारा पुरतो. संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्यांनाही हे दुसऱ्या वाक्यापुढे जाऊ देत नसत. मी ओट्याच्या आतल्या बाजूला, खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसे आणि पुस्तकात डोकं ठेवूनच सगळं ऐके.

तेरा दिवस लोक बसायला येत होते. पुण्याहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. आम्हाला मूलबाळ नसल्यामुळे घराचा ताबा त्यांनी घेतला, आणि ते बरंच झालं. येणारा प्रत्येक माणूस दारात चप्पल काढून, सतरंजीवर बसून, खाली बघून विचारी, "कसं झालं?" पहिले तीन दिवस मी सांगितलं. चौथ्या दिवसापासून जाऊबाई सांगू लागल्या. त्या त्या दिवशी पुण्यात होत्या, पण सांगत माझ्यापेक्षा चांगलं. त्यांच्या सांगण्यात यांनी शेवटचं पाणी मागितलं आणि माझी आठवण काढली. खरं तर हे फाईल बांधता बांधता गेले होते. पण लोक इतक्या दुरून येतात, त्यांना फायलीची नाडी काय सांगायची.

आलेल्या माणसाला 'कसं झालं' कळलं की पाच मिनिटं शांतता होई. मग कोणी तरी म्हणे, "मरण काही कोणाच्या हातात नसतं." त्यावर दुसरा म्हणे, "सरकार तरी कुठं आहे?" आणि तिथून पुढे गाडी रुळाला लागे. वेगळा विदर्भ होणार की नाही, कांद्याचे भाव, नळाला पाणी किती वाजता येतं, कोणता मंत्री कोणाचा माणूस. चहा येई. आवाज चढे. मग कोणाला तरी आठवे की आपण कुठं बसलो आहोत, आणि तो माझ्याकडे बघून म्हणे, "आज ते असते तर!" हे असते तर या लोकांना एवढं बोलायला मिळालंच नसतं. पण मला ते बोलणं हवं होतं. आतल्या खोलीत डोळे मिटून बसलं की भिंतीपलीकडे हे बसलेत, फक्त आज यांना कोणी बोलू देत नाही, असं वाटे.

आता कोटाचं सांगते.

राजधानी नेल्यावर नागपूरची समजूत काढायला दर हिवाळ्यात विधानसभेचं अधिवेशन इथं भरायचं ठरलं. पाहुणे पंधरा-वीस दिवस येतात, हुरडा खातात, संत्र्यांच्या पेट्या बांधून घेतात, काही मोर्चांकडे गाडीच्या काचेतून बघतात आणि आपला प्रश्न विचाराधीन ठेवून परत जातात. पहिल्याच वर्षी यांची तिथं ड्युटी लागली. कर्मचाऱ्यांनी नीटनेटकं राहावं असा आदेश निघाला होता. यांनी त्याचा अर्थ असा घेतला की सरकारनं यांना कोट शिवायला सांगितलं आहे. सीताबर्डीतल्या शिंप्याकडून काळा लोकरी कोट शिवून आला. नागपूरचा डिसेंबर सकाळी नऊपर्यंत थंड असतो. त्यानंतर अंगात लोकरी कोट ठेवायला निष्ठा लागते. यांच्याकडे ती होती. दिवसभर घामानं निथळत हे एका दाराशी कागद वाटत उभे राहत आणि संध्याकाळी कोट घालूनच ओट्यावर बसत.

त्या वर्षी एका मंत्र्यानं यांना विचारलं होतं, "प्यायचं पाणी कुठं आहे हो?" यांनी हात करून दाखवलं. एवढंच. पण दुसऱ्या वर्षी ओट्यावर सांगताना मंत्री थांबला आणि यांच्याशी पाण्याविषयी बोलला. चौथ्या वर्षापर्यंत ते बोलणं विदर्भाच्या धरणांवर गेलं होतं. दहाव्या वर्षी हे मंत्र्याला म्हणाले होते, "साहेब, आमच्या वाट्याचं पाणी तुम्ही अडवून धरलंय." मंत्री म्हणे निरुत्तर झाला होता. मी खिडकीआड पान उलटवलं.

अधिवेशन संपलं की कोट ट्रंकेत जाई. वर्षातून पंधरा-वीस दिवस नागपूर राजधानी आणि तेवढेच दिवस आमच्या घरात कोट. त्याचा डावा खिसा एकदा उसवला तेव्हा घरात काळा दोरा नव्हता. मी तपकिरी दोऱ्यानं शिवला. हे म्हणाले, "कोणाला दिसतंय?" पण त्यानंतर डावा हात कायम त्या खिशावर ठेवून उभे राहू लागले.

तेराव्यानंतर जाऊबाईंनी यांच्या कपड्यांचं काढलं. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, त्याचा जीव अडकतो, असं त्यांचं म्हणणं. कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. सदरे, धोतरं, दोन पँटी, सगळं त्यांनी दोन दिवसांत वाटून टाकलं. तिसऱ्या दिवशी मी पेन्शनच्या कामाला गेले होते. तिथं मला एक अर्ज दिला, त्यात पतीची सही कुठं करायची ते फुलीनं दाखवलं होतं. मी घरी आले तर जाऊबाई म्हणाल्या, "अगं, तो समोरचा पानवाला आला होता. भाऊजींचा कोट मागत होता. मी देऊन टाकला. किती भक्तीनं मागितला! डोळ्यांत पाणी होतं बघ त्याच्या."

मी आत जाऊन ट्रंक उघडून पाहिली आणि पुन्हा लावली. मला तो कोट हवा होता. बाकी काही नको होतं, कोट हवा होता. तोंडानं म्हणाले असते तर जाऊबाईंनी पळत जाऊन आणला असता. पण विधवेनं नवऱ्याच्या कोटासाठी समोरच्या ठेल्यावर भांडायला जायचं, हे मला जमलं नाही. मग मी माझी समजूत काढली. पानवाला हिवाळ्यात ठेल्यावर घालेल. खिडकीत बसलं की समोर कोट दिसेल. सकाळी, संध्याकाळी, रोज. सरकार तरी नागपूरची याहून जास्त काय समजूत काढतं? मी डिसेंबरची वाट बघायचं ठरवलं. जाऊबाई दोन दिवसांनी पुण्याला गेल्या.

पण डिसेंबरच्या आधी पोळा येतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. त्या दिवशी गावातली सगळी पीडा पुतळ्यांच्या रूपानं गावाबाहेर नेऊन जाळतात. मोठ्या दोन मारबती, एक काळी, एक पिवळी. त्या बायका. त्यांच्याबरोबर निघतात ते बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा बडग्या. महागाईचा, भेसळवाल्याचा, रॉकेलच्या रांगेचा, पुढाऱ्यांचा तर नेहमीचाच. गळ्यात पाटी, पाटीवर दोन ओळी. वाटेत ज्याला वाटेल तो पुतळ्याला झाडूनं, जोड्यानं हाणतो आणि सगळे ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" मतदान पाच वर्षांनी येतं, हे दरवर्षी येतं. त्यामुळे नागपूरच्या माणसाचा लोकशाहीवर विश्वास टिकून आहे.

आमच्या गल्लीच्या बडग्या मंडळाचा कारभार पानवाल्याकडे होता, आणि पाटी लिहायचं काम यांच्याकडे. हे काम यांना अधिवेशनाच्या ड्युटीपेक्षा प्रिय होतं. आषाढापासून जुळवाजुळव सुरू होई. मला वाचून दाखवत. मी शुद्धलेखन सांगे. हे म्हणत, "जाळायच्या पाटीला कसलं शुद्धलेखन?" त्या वर्षीच्या ओळी यांनी जायच्या आठवडाभर आधी पानवाल्याला सांगून ठेवल्या होत्या. आमच्या गल्लीच्या रस्त्याचं भूमिपूजन एका मंत्र्याच्या हस्ते झालं होतं, रस्ता झाला नव्हता. म्हणून,

नारळ फोडला, फोटो काढला,
रस्ता मात्र मुंबईला धाडला.

त्या सकाळी मी खिडकी लावून घेतली होती. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. बाहेर बँड वाजत होता, डफडी वाजत होती. नारळ फोडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी यांच्या ओळी मोठ्यानं वाचल्या. लोक हसले. मला राहवलं नाही. मी खिडकी उघडली.

हातठेल्यावर मंत्री उभा होता. मडक्याचं डोकं, त्याच्यावर पांढरी टोपी, काजळाच्या मिशा, गळ्यात पाटी. अंगात काळा कोट. डाव्या खिशावर तपकिरी दोरा.

आमच्या शेजारची म्हातारी सगळ्यांत पुढे होती. सत्तरीची बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी नळापर्यंत जात नसे. तिनं पदर खोचला, खराटा उचलला आणि मंत्र्याच्या छातीवर असा हाणला की कोटातून धूळ उडाली. मग दुसऱ्यानं जोडा मारला. तिसऱ्यानं. "घेऊन जा गे मारबत!"

मी चप्पल न घालता ओटा उतरले. हातठेल्यापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यात ओरडले. कोणालाही ऐकू गेलं नाही. बँडवाल्यांचं गाणं अर्ध्यावर होतं. मी पुन्हा ओरडले. ढोलवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि मला जोर आलाय असं समजून तोही जोरात वाजवू लागला. गाणं संपेपर्यंत मला थांबावं लागलं. एवढी वर्षं मी गप्प राहिले, तर त्या दिवशी आणखी दीड कडवं. आणि मग बँड एकदम थांबला, मी तिसऱ्यांदा ओरडले, आणि सगळ्या गल्लीनं ऐकलं.

"माझा कोट काढा!"

पानवाला गर्दीतून पुढे आला. कपाळावर गुलाल, खांद्यावर टॉवेल.

"बाई, तुम्ही काहून उतरल्या? गर्दी आहे ना. कोन्ता कोट?"

"मंत्र्याच्या अंगातला."

"थो तं बाबूजींचा आहे," तो म्हणाला. अगदी अभिमानानं म्हणाला. "मी म्हटलं, बाबूजी दर साली मारबतीत राह्यचे. औंदा नाही तं कसं चालन? कमीत कमी त्यायचा कोट तं असला पायजे. वहिनीसाहेबायनं दिला ना, पुण्यावाल्यांनी. मी मुद्दाम मागाले आल्तो. आख्ख्या मोहल्ल्यात मंत्र्याले शोभन असा दुसरा कोट तरी हाये का?"

"आणि बाबूजींच्या कोटाला जोडे कोण मारतंय?"

"ते तं मंत्र्याले मारून राहिले, बाई."

"मंत्री मुंबईला आहे. इथं कोट आहे."

तो वळून पुतळ्याकडे बघू लागला. सकाळपासून त्यानंच ते बांबू बांधले होते, त्यानंच टोपी घातली होती. पण कोट आणि मंत्री हे दोन वेगळे आहेत, असं त्यानं पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. गल्लीतल्या पंधरा-वीस जणांनी मिळून हा सन्मान ठरवला होता. कोणाच्याही मनात आलं नव्हतं की मिरवणुकीत ज्याला मान देऊन पुढे ठेवतात, त्यालाच शेवटी जाळतात. राजकारणात जन्म गेलेल्यांनाही हे उशिरा कळतं.

"बाप्पा," पानवाला म्हणाला. "बाई, हे तं ध्यानातच नाही आलं."

मागून कोणी म्हणालं, "आता काढला तं मंत्री उघडा पडन ना!"

"पडू दे. त्याले कोन्ती लाज आहे?"

"अबे पन पाटी टांगाची कशाले?"

"गळ्यालेच टांग ना, गळा तं हाये."

पुढे काय करावं यावर पाच मिनिटं चर्चा झाली. मारबतीची वेळ होत आली होती. काहींचं म्हणणं पडलं की बडग्याचा कपडा उतरवणं अशुभ. एकानं सुचवलं की कोट जाळण्याआधी काढून घरी पोचवू, तोपर्यंत राहू द्या, जोडे हळू मारू. मी हातठेल्याचा दांडा धरून उभी राहिले. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. शेवटी पानवाल्यानं स्वतः ठेल्यावर चढून कोट काढला. तो सहज निघाला. बांबूच्या हातांवर चढेना म्हणून त्यांनी तो मागून, कॉलरपासून खालपर्यंत कापला होता आणि सुतळीनं बांधला होता.

कोटाखाली मंत्री म्हणजे साखरेचं पोतं होतं. पेंढा भरलेलं, आणि पोटावर रेशन दुकानाचा निळा शिक्का. त्या दिवसांत साखर मिळत नव्हती. पोतं दिसलं आणि अशी आरोळी उठली की तशी आमच्या गल्लीनं यांच्या कुठल्याच ओळींना दिली नव्हती. "साखर इथी आहे! मंत्र्याच्या पोटात आहे!" बँड सुरू झाला. मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी पेपरात आमच्या बडग्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की वरचा साळसूद वेष उतरवून आतलं खरं रूप दाखवण्याची कल्पना अभिनव होती. ती कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं. मंडळानं कात्रण काच लावून ठेल्यावर टांगलं.

मी कोट हातावर घेऊन घरी आले. पेंढा झटकला. तासाभरानं शेजारची म्हातारी दारात येऊन बसली.

"मीनं तुह्या नवऱ्याले मारलं काय वं?"

"नाही हो आजी. कोटाला."

"लय जोरात मारलं वं. हातच दुखून राहिला."

"असू दे."

तिनं दुखरा हात चोळला. मग म्हणाली, "खोटं काहून बोलू? एकडाव हाणाचंच होतं त्याले. नालीतला गाळ दर खेपी माह्या दाराकडे ढकले. पन जित्तेपनी हाणाचं होतं." आणि ती रडायला लागली. तेरा दिवसांत आमच्या घरी पुष्कळ लोक रडले, पण खरं रडणं मला हेच ऐकू आलं. मीही तिच्याबरोबर रडून घेतलं.

चार दिवसांनी पानवाला आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "कोट द्या बाई, पाठ लावून आणतो." मी म्हटलं, राहू द्या. तो म्हणाला, "मले झोप नाही येऊन राहिली." मग मी दिला. तो आठवडाभर इतवारीतली कापडाची दुकानं फिरला. तसं कापड आता कोणाकडे नव्हतं. अखेर त्याला हुबेहूब वाटणारं कापड त्यानं आणलं, आणि सीताबर्डीच्या त्याच शिंप्याकडून पाठ लावून घेतली. पाठ काळी नव्हती, गर्द निळी होती. उन्हात स्पष्ट दिसे. त्यानं घडी घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून कोट माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "जमलं ना?"

"जमलं," मी म्हटलं.

कोट तीन महिने ट्रंकेत होता. मी तो दोनदा काढून बघितला. ट्रंकेतला कोट हा ट्रंकेतला कोट असतो. डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं, रस्त्यावरून लाल दिव्यांच्या गाड्या जाऊ लागल्या, ठेल्यावर नेहमीची माणसं सकाळच्या उन्हात उभी राहू लागली. त्यांच्यात बोलणारं कोणी नव्हतं. पान घ्यायची, थुंकायची, जायची. एका सकाळी मी कोट घेऊन नाली ओलांडली.

"हा घाला," मी पानवाल्याला म्हटलं.

तो दोन पावलं मागे सरकला. "नाही बाई. आता नाही."

"आधी मागितला होतात ना?"

"तेव्हा बडग्यासाठी मांगतला."

"आता थंडीसाठी घ्या."

"लोक हसतील ना, बाई. बाबूजी केवढे, मी केवढा."

हे उंच होते. पानवाल्यानं कोट घातला तेव्हा बाह्या बोटांच्या खाली आल्या. त्यानं त्या दुमडल्या, हात चोळले आणि पान लावायला घेतलं. चुना बाहीला लागणार हे मला दिसत होतं. मी घरी आले आणि खिडकीपाशी बसले.

ठेल्याचं तोंड मोठ्या रस्त्याकडे आहे, म्हणून खिडकीतून मला पानवाल्याची पाठच दिसते. हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. पण गिऱ्हाईक गल्लीतून आलं की तो वळतो.

याला आता सहा-सात वर्षं झाली. मारबतीच्या पाट्या मी लिहाव्यात असं मंडळानं सुचवून पाहिलं. मला यमक जमत नाही. ते आता आपलं आपण लिहितात, आणि वाईट लिहितात. पानवाला एकदा महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहिला, तोच कोट घालून. पडला. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर होता. म्हातारी गेली. तिच्या दारात आता नवे भाडेकरू आहेत आणि गाळ ते आमच्याकडे ढकलतात. मी शाळेतून निवृत्त झाले.

कोट पानवाल्याकडे आहे. तो डिसेंबरात घालतो. घरात मी आहे आणि रेडिओ आहे. संध्याकाळी बातम्या लागतात. त्या आता मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येतात.